वाघीण पाहायला कुर्डुवाडीला

मुलांनो, रेल्वेच्या मालडब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात, ठाऊक आहे ना? इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या माणसांच्या तोंडी बसली आणि तिची झाली वाघीण! आमच्या नागापूरच्या शाळेत हे सांगितलं तेव्हा चौथीचा वर्ग पोट धरून हसला. मी फळ्यावर अडीच फुटी रुळांवरची एक वाघीण काढली. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आपण करू या का? मोठ्ठी!”

झालं! दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठे, पत्र्याचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या जमू लागल्या.

ही वाघीण होती बार्शी लाइट रेल्वेची. बार्शी कापसाची मोठी पेठ, पण मुख्य रेल्वे जायची कुर्डुवाडीवरून. म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी छोटी रेल्वे सुरू केली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मोठ्या रेल्वेच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, हिच्या रुळांमधलं फक्त अडीच फूट. रूळही हलके, स्वस्त. मग ते वाकू नयेत म्हणून काय करायचं? कॅलथ्रॉपसाहेबांनी नियम केला की चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. वाघिणीला चाकांच्या चार जोड्या. मग मालासकट तिचं वजन जास्तीत जास्त किती? वर्गात वीस हात वर झाले, “वीस टन!” याच अनुभवावर त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली.

आता आमचं गणित. खरी वाघीण २५ फूट लांब, ७ फूट रुंद. आम्ही ठरवलं, दहावा भाग करायचा. लांबी ३० इंच, रुंदी ८.४ इंच आणि रुळांमधलं अंतर बरोब्बर ३ इंच. एका मुलाचे वडील एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांनी चाकं करून दिली.

पण पहिल्यांदा चूक झाली, आणि ती माझीच. घाईघाईत मी दोन्ही टोकांना चाकांची एकेक जोडी पक्की ठोकून टाकली. सरळ रुळांवर वाघीण झोकात पळाली. वळण आलं आणि धप्पकन पडली! लांब डब्याची पक्की चाकं वळणाबरोबर वळणार कशी? मग चार-चार चाकांच्या दोन छोट्या गाड्या केल्या आणि मधल्या खिळ्यावर फिरतील अशा डब्याखाली बसवल्या. यांनाच बोगी म्हणतात. आता वाघीण वळणावर सापासारखी वळली. कॅलथ्रॉपसाहेबांनी बोगी का लावल्या ते पुस्तकापेक्षा त्या धप्पकन पडण्यानं जास्त समजलं.

एक अडचण उरलीच. दार केवढं करायचं? पुस्तकात लांबी-रुंदी होती, दाराचं माप नव्हतं. तेव्हा वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, माझे आजोबा वाघिणीत पोती भरायचे. कुर्डुवाडीला असतात.”

एका रविवारी आम्ही सात मुलं आणि दोन पालक घेऊन निघालो. नगरहून दौंड, तिथं गाडी बदलून कुर्डुवाडी. स्टेशनात सगळीकडे रुंद रूळच. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, छोटी गाडी गेली. मुलांचे चेहरे पडले.

आजोबा मात्र खुशीत होते. म्हणाले, “छोट्या वाघिणीतला माल मोठीत जाईल कसा? रूळच वेगळे! सगळा माल आमच्या पाठीवरनं जायचा. छोटीतनं काढायचा, मोठीत भरायचा.”

“मग रुंद रूळ झाल्यावर?” एकानं विचारलं.

“माल परस्पर जायला लागला. गावाचं चांगलं झालं. आमचं काम तेवढं संपलं.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग नातीनं विचारलं, “आबा, दार केवढं होतं?”

आजोबा उठले. उशी पाठीवर घेतली, कंबरेत वाकले आणि घराच्या उंबऱ्यातून आत गेले. “एवढं वाकायला लागायचं बघ. इथं डोकं लागायचं!” आम्ही पटकन टेप लावला. जमिनीपासून उशीच्या वरपर्यंत मोजलं, दहानं भागलं. दाराचं माप मिळालं!

आजोबांच्या काळातल्या वाघिणी म्हणजे १८९७ च्या वाघिणींच्या नाती-पणती. तेव्हा आमची वाघीण अगदी हुबेहूब आहे, असं मी म्हणणार नाही. पण तिचं दार एका खऱ्या माणसाच्या पाठीच्या मापाचं आहे. आता ती आमच्या वर्गाच्या खिडकीत उभी आहे, आत काडेपेटीएवढी चिंध्यांची पोती.

मुलांनो, तुमच्याही गावात पूर्वी असलेलं आणि आता नसलेलं काहीतरी असेलच. घाणा असेल, मोट असेल, टांगा असेल. आजी-आजोबांना विचारा आणि त्याचा दहावा भाग करून बघा. जाताना टेप मात्र विसरू नका!