वर्गणीची पेटी

शनिवार पेठेतील आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडला की प्रथम चौक लागे. चौकात एक नळ, एक तुळशीवृंदावन आणि भोवती नऊ बिऱ्हाडे. घरे वेगळी असली तरी भिंती पातळ होत्या. कोणाच्या घरी आज काय शिजले आणि कोणाच्या मुलाला गणितात किती गुण मिळाले, हे सर्वांना ठाऊक असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा वाड्यातील माणसांनी आधी सगळी मुले मोजली आणि मग आपापले सामान आठवले, असे आई सांगे. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मला खांद्यावर घेऊन बाहेर काढणारे माझे वडील नव्हते. शेजारचे अण्णा होते.

अशा वाड्यात वाढलेला मी एकदा चोर झालो होतो.

अकराव्या वर्षीची गोष्ट. गणपतीची वर्गणी एका पत्र्याच्या पेटीत जमत असे आणि ती पेटी अण्णांच्या कोनाड्यात असे. अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात मी शाईचे निळे पेन पाहिले होते. एका दुपारी मी पेटीतून दोन रुपये काढले आणि ते पेन घेऊन आलो.

ओसरीवर माई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "अरे, हे पेन कुठून आणलंस?"

"मामानं दिलं."

"तुझा मामा तर उन्हाळ्यानंतर पुण्यात आलाच नाही!"

माझे उत्तर तेथेच संपले. वडील हात उगारून धावले, पण अण्णांनी त्यांचा हात धरला. मी रोज माईंचे पाणी भरावे आणि खाऊच्या पैशांतून दोन रुपये फेडावेत, असे ठरले. ही गोष्ट वाड्याच्या दरवाजाबाहेर गेली नाही. पुढच्या वर्षी गणपती आले, तेव्हा अण्णांनी ती पेटी सर्वांसमक्ष माझ्या हाती दिली आणि म्हटले, "यंदा वर्गणी तू गोळा करायचीस." त्या पेटीचे ओझे मला अजून आठवते. त्यानंतर परक्या पैशाला माझा हात कधी लागला नाही.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो आणि शिक्षक झालो. १९९० च्या सुमारास सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. सिंहगडाच्या सहलीसाठी जमवलेले पैसे एके दिवशी मेजाच्या खणात सापडेनात. वर्गात नदीकाठच्या झोपडवस्तीतून येणारा एक मुलगा होता. मी कोणालाही काही न विचारता सरळ त्याच्यापाशी गेलो आणि सर्वांसमक्ष त्याचे दप्तर बाकावर उपडे केले. त्यातून दोन वह्या, एक तुटकी पट्टी आणि कागदात गुंडाळलेली भाकरी पडली.

दुसऱ्या दिवशी ते पैसे हजेरीपत्रकाच्या वेष्टनात सापडले. मीच ते तेथे ठेवले होते.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई नुकतीच धुणीभांडी आटोपून आली होती. मी चूक कबूल केली. तिने मला बसायला पाट दिला आणि हळूच विचारले, "सर, दुसऱ्या कुणाचं दप्तर उघडलं होतं का तुम्ही?"

मला उत्तर देता आले नाही. मुलगा त्यानंतर आठ दिवस शाळेत आला नाही. त्या आठ दिवसांत मी त्या वस्तीत अनेकदा गेलो. तेथील आईबाप पहाटे कामाला जात आणि दिवेलागणीला परतत. दुपारी मुलांकडे पाहायला ओसरीवर कोणी माई नव्हती. शाळा सुटलेल्या मोठ्या मुलांना काम नव्हते; ती कोपऱ्यावर बसत आणि लहानांना आपल्यात ओढत. त्यांतील काही मुले वाईट मार्गाला लागली, हे खरे आहे. पण बहुतेक माणसे कष्टाने आणि सचोटीने जगत होती, हेही तितकेच खरे आहे. मी चोरी केली, तेव्हा तिला 'खोडी' म्हटले गेले. त्या मुलाने काहीही केले नव्हते, तरी मी त्याला 'चोर' ठरवले. दोघांच्या स्वभावात नव्हे, तर दोघांच्या पत्त्यात फरक होता.

पुढे या विषयाचे वाचन करताना अमेरिकेतील शिकागो शहराची हकीकत वाचली. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या अभ्यासकांनी तेथील बालन्यायालयाच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९४२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्यांलगतच्या काही जुनाट वस्त्यांत मुलांचे गुन्हे सतत अधिक आढळत. तेथील रहिवासी बदलत गेले. जर्मन व आयरिश गेले, पोलिश व इटालियन आले. तरी वस्तीतील गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. जी कुटुंबे चांगल्या भागात गेली, त्यांच्या मुलांत ते घटले. म्हणजे दोष रक्तात नव्हता, परिस्थितीत होता.

आपल्या देशात मात्र इंग्रज सरकारने उलट समजुतीवर १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. या कायद्याखाली माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर अशा लोकांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसे 'विमुक्त' झाली. परंतु लोकांच्या मनातील संशय कायद्याबरोबर गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'उचल्या' या आत्मकथनात हे दुःख सांगितले आहे. आजचा कायदा चुकलेल्या मुलाला गुन्हेगार न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. हा बदल केवळ शब्दाचा नाही. मूल सुधारू शकते, हा विश्वास त्यामागे आहे.

नवव्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. मी वर्गासमोर उभे राहून त्याची क्षमा मागितली. मग मला अण्णा आठवले. सहलीच्या पैशांची पेटी मी त्याच्यापुढे धरली आणि म्हटले, "हा हिशेब आता तू सांभाळ."

त्याने हात पुढे केला नाही. खाली पाहत तो म्हणाला, "सर, आधी मोजून द्या. दोघांना साक्षीला बसवा. उद्या कमी भरले तर..."

मी दोन मुलांना बोलावले आणि पैसे मोजून दिले. सहलीच्या दिवशी त्याने पै-पैचा हिशेब चोख दिला. परंतु माझ्या हाती पेटी आली, तेव्हा मला साक्षीदार लागले नव्हते, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही.

आमचा वाडा आता नाही. तेथे उंच इमारत उभी आहे आणि बंद दारांमागे कोणाची मुले काय करतात, हे शेजाऱ्यांना ठाऊक नसते. वाडे परत येणार नाहीत; पण माई आणि अण्णा होणे आपल्या हाती आहे. मुलांनो, चुकणाऱ्याने चूक मान्य केलीच पाहिजे आणि ती फेडलीही पाहिजे. मात्र एखाद्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, 'मी दुसऱ्या कोणाचे दप्तर उघडले होते का?'