फळ्यावरची साखळी आणि गंजीतली धामण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिरूर कासारजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी घरची चार एकर बघतो. नववीला अन्नसाखळीचा धडा चालू होता. मी फळ्यावर बाजरीचे कणीस काढले, ते खाणारा उंदीर काढला, उंदराला गिळणारा साप काढला आणि सापावर झडप घालणारा गरुड काढला. मुलांनी वहीत उतरवून घेतले. धडा झाला, असे मला वाटले.

त्याच रविवारी गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत लांबलचक धामण निघाली. आई ओरडली, "अरे, म्हशीच्या कासेला लागती ती!" धामण बिनविषारी असते, सापाला कास चोखून दूध पिता येत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी काठी उचलली.

सोमवारी शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा वर्गात उभा राहिला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहून शिकतो. म्हणाला, "सर, काल तुम्ही मारली ती धामण साखळीतलीच ना? मग आता उंदीर कोण खाणार?"

वर्गात कोणी हसले नाही. मलाही उत्तर सुचेना. मी एवढेच म्हणालो, "चुकलं माझं. उद्या आपण बांधावर जाऊ."

दुसऱ्या दिवशी बांधावर सुतळीने एक मीटरची चौकट आखली आणि आत काय काय आहे ते मुलांना लिहायला लावले. हरळी, नाकतोडा, मुंग्या, कोळी, ओल्या पाल्याखाली गांडूळ आणि पांढरी बुरशी. मग सांगितले, उन्हातून अन्न तयार करते ती हरळी उत्पादक, तिला खाणारा नाकतोडा आणि नाकतोड्याला खाणारा कोळी हे भक्षक, मेलेल्याची पुन्हा माती करणारी बुरशी विघटक. या शास्त्राचे 'इकॉलॉजी' हे नाव १८६६ साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने घडवले. त्यातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घर असा आहे.

घर म्हटले की हिशेब आलाच. एका पायरीवरच्या ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्साच पुढच्या पायरीला पोचतो. म्हणून शिवारात कणसे अगणित, उंदीर पुष्कळ, पण धामणी मोजक्याच. उंदरीण तीन आठवड्यांत पिल्ले देते, धामणीची जागा मात्र लवकर भरत नाही. एका धामणीने सारे पीक वाचले असते असे मी म्हणत नाही. पण गावातला प्रत्येक जण माझ्यासारखीच काठी उचलतो, हे खरे दुखणे आहे.

गिधाडांचे काय झाले, ते आठवा. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

आता आमच्या घरी साप निघाला की लेकरे-जनावरे लांब करतो आणि जाणकार सर्पमित्राला बोलावतो. आपल्याच तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे जखमी वन्यजीवांचे केंद्र आहे. स्वतः साप धरायला जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा दंश जीवघेणा असतो. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठा.

आणि तुमच्या घरी नववी-दहावीचे लेकरू असेल, तर एक दिवस त्याच्याबरोबर सुतळी घेऊन बांधावर बसा. त्याने काही विचारले तर रागावू नका. आमची आई आता गंजीकडे जाताना आधी टाळी वाजवते आणि म्हणते, "जा बाई, तुझ्या वाटेनं."