प्राग शहरांतील तीन दिवस

व्हिएन्नाहून आगगाडीनें सुमारें चार तास प्रवास केला म्हणजे प्राग शहर येतें. चेक राष्ट्राची ही राजधानी व्ल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. दुसऱ्या महायुद्धांतून ती बऱ्याच अंशीं बचावली, त्यामुळें युरोपांत अन्यत्र चित्रांतच पाहावयाच्या जुन्या गल्ल्या व मनोरे येथें प्रत्यक्ष उभे आहेत. गणिताचे एक प्राध्यापक, त्यांच्या पत्नी, एक डॉक्टर मित्र व प्रस्तुत लेखक असे आम्ही चौघे तीन दिवसांची सवड काढून तेथें गेलों होतों.

ज्या घरांत पंचांग पाहिल्यावांचून दिवस उजाडत नाहीं, तेथील वाचकांस जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरील घड्याळ सर्वांत अधिक आवडेल. तें १४१० सालचें आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून ख्रिस्तशिष्यांच्या मूर्ति फिरतात, सांगाडा दोरी ओढतो, आणि खालीं जमलेला जनसमुदाय तेवढेंच पाहून पांगतो. खरी मौज पुढें आहे. मूर्ति थांबल्यावर प्राध्यापकांनीं आम्हांस तेथेंच अर्धा तास उभें केलें. या तबकडीवर सूर्य कोणत्या राशींत आहे तें दिसतें. चंद्राच्या कला दिसतात. बाहेरच्या कड्यावर जुनी बोहेमियन कालगणना आहे, तींत दिवसाचा आरंभ सूर्यास्तापासून होतो. आणखी एका गणनेंत सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग पाडलेले आहेत. अर्थातच ते उन्हाळ्यांत लांबतात, हिवाळ्यांत आंखडतात. आपल्या दिनमानाच्या हिशोबाशीं परिचय असलेल्यास हें समजावून द्यावें लागत नाहीं. मात्र राशि सायन आहेत. निरयन पंचांगाशीं ताडा पाहूं जाणाऱ्याचा गोंधळ उडेल.

त्याच चौकांत दगडी फरसबंदीवर सत्तावीस क्रूस कोरलेले आहेत. २१ जून १६२१ रोजीं सम्राटाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस पुढाऱ्यांस तेथें देहान्त शासन झालें. समोरच्या टीन मंदिरांत टायको ब्राहे या ज्योतिर्विदाची समाधि आहे. १६०१ सालीं तो वारला. त्याच्या वेधांवरून केप्लरनें ग्रहांच्या कक्षांचे नियम याच शहरीं बसविले. प्राध्यापक तेथून लवकर हलेनात.

चार्ल्स राजाच्या पुलाचा पाया १३५७ सालीं सातव्या महिन्याच्या नवव्या दिवशीं, पहांटे पांच वाजून एकतीस मिनिटांनीं घातला, असें सांगतात. हे आंकडे ओळीनें मांडले कीं १-३-५-७-९-७-५-३-१ असे चढून उतरतात. मुहूर्ताचें वेड केवळ आपल्याकडेच आहे असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. जेवणाची अडचण पडेल ही धास्ती फळें भरून उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांनीं दूर केली. वर साखर व वितळलेलें लोणी घालून देतात. वहिनींनीं त्यांस तत्काळ मोदकांच्या जातींत घेतलें.

दुसऱ्या दिवशीं मात्र वाद झाला. यहुदी वस्तींतील पिंकास प्रार्थनामंदिर पाहावें असें आम्ही म्हणालों. डॉक्टर म्हणाले, "रोज रुग्णालयांत मृत्यूच पाहतों, सहलीला येऊन पुन्हां तेंच कशाला?" त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. अखेर वहिनी म्हणाल्या, "ज्यांना यावयाचें नसेल त्यांनीं बाहेर बसावें." बाहेर कोणीच बसलें नाहीं.

आंत मूर्ति नाहीं, चित्र नाहीं. भिंतींवर केवळ नांवें आहेत. नाझी राजवटींत बोहेमिया व मोराविया या प्रांतांतील जे यहुदी मारले गेले, त्यांपैकीं सुमारें ७८,००० जणांचीं नांवें येथें हातानें लिहिलेलीं आहेत. १९५०-६० या दशकांत तीं प्रथम लिहिलीं गेलीं, पुढें साम्यवादी राजवटींत नाहींशीं झालीं, आणि १९९० नंतर पुन्हां लिहून काढण्यांत आलीं. आडनांव एकदां, आणि त्यापुढें त्या घरचीं माणसें, जन्मतारखांसह. तारखांवरून नातें लावतां येतें: हे आजोबा असावेत, ही सून, हें तीन वर्षांचें नातवंड. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही ओळ वाचतांना आपल्या घरचीं नांवें मोजल्यावांचून राहवत नाहीं. वहिनी तशा मोजीत होत्या, हें त्यांच्या ओठांवरून कळलें.

माडीवर तेरेझीन येथील छावणींतल्या मुलांचीं चित्रें आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीनें तेथें मुलांस चित्रकला शिकविली. १९४४ सालीं तिला आउश्वित्झला नेण्यांत आलें, त्यापूर्वीं दोन पेट्यांत भरून लपविलेलीं सुमारें साडेचार हजार चित्रें मागें राहिलीं. ती परत आली नाहीं. बहुतेक मुलेंही आलीं नाहींत. चित्रांत फुलपांखरें आहेत, घरें आहेत, जेवणाचें मेज आहे. डॉक्टर एका चित्रापाशीं बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनीं चष्मा पुसला व दुपारचा कार्यक्रम रद्द करावा असें सुचविलें.

तिसऱ्या दिवशीं किल्ला पाहिला. त्यांतील संत विटसचें मंदिर १३४४ सालीं आरंभून १९२९ सालीं पुरें झालें. ज्या वाड्याच्या खिडकींतून १६१८ सालीं राजाधिकाऱ्यांस खालीं फेंकलें व त्यांतून तीस वर्षांचें युद्ध पेटलें, तोही तेथेंच आहे. प्राग पाहूं जाणाऱ्यांनीं किल्ल्याला एक सकाळ द्यावी, ती पुरते. पिंकास पाहिल्यावर मात्र त्या दिवशीं दुसरें कांहीं ठरवूं नये.