चोरीला गेलेल्या चाकूची जागा

घडीचा चाकू म्यानासकट क्वचितच चोरीला जातो. खाण्याच्या वेळी तो बाहेर काढलेला असतो, सफरचंदाच्या सालींशेजारी टेबलावर उघडा पडलेला असतो, आणि चामड्याचे म्यान मालकाच्या कमरपट्ट्यालाच राहते. नंतर सवयीने हात कमरेकडे जातो आणि बोटांना रिकामे चामडे लागते. ‘चोराच्या हातची लंगोटी’ ही म्हण अशा वेळी आठवते, पण ती नीट लागू पडत नाही. ज्याच्याकडून काहीच परत यायचे नाही त्याच्याकडून निदान एवढे तरी सुटले, असे त्या म्हणीतले समाधान आहे. लंगोटी निदान अंगाला लागते. रिकामे म्यान दुसऱ्या कशाच्याही उपयोगी पडत नाही. गेलेल्या वस्तूचा आकार तेवढा ते जपून ठेवते.

फ्रान्समधील लायोल चाकूच्या बाबतीत ही हुरहूर चाकूपाशी थांबत नाही. दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात, ओब्राक पठारावर, लायोल नावाचे हजार-बाराशे वस्तीचे गाव आहे. गुरे, चीज आणि कडक हिवाळा ही त्याची ओळख. 1829च्या सुमारास तिथे हा चाकू घडू लागला. पिएर-झां काल्मेल्स या कारागिराचे नाव त्याच्या जन्माशी जोडले जाते. सडपातळ पाते, किंचित बाकदार शिंगाची मूठ, पाठीवरच्या कमानीच्या टोकाला माशीएवढा उंचवटा. 1840च्या सुमारास त्याला जाड टोच्या जोडला गेला, कारण पोटफुगी झालेल्या गाईच्या कुशीत टोचून वायू मोकळा करणे हे गुराख्याचे नित्याचे काम होते. 1880च्या सुमारास बुचे उपटण्याचा मळसूत्री आकडा आला; पठारावरची माणसे पॅरिसला जाऊन कॅफे चालवू लागली होती. मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस असतो. चर्च दूर राहिलेले गुराखी पाते पावात रोवून त्या क्रूसापुढे प्रार्थना म्हणत, असे सांगतात.

साध्या कार्बन पोलादाचे पाते फळांच्या आंबटपणाने काळवंडते. प्रत्येक सफरचंद, प्रत्येक लिंबू निळसर-करडा डाग सोडते, आणि दहा वर्षांत पात्यावर असा रंग चढतो की तोच चाकू शेकडोंत ओळखता येतो. नवा चाकू तसाच, त्याच आकाराचा मिळतो. पण त्याचे पाते पांढरे असते. म्हणून बदली चाकू घेताना दुकानात उभा असलेला माणूस डागांची भरपाई दुसऱ्या कशात तरी शोधू लागतो. पहिला चाकू हाती आला तेव्हा जो प्रश्न मनातही आला नव्हता, तो आता विचारला जातो: हा बनतो कुठे?

उत्तर सरळ नाही. पात्यावर ‘लायोल’ असे कोरलेले असणे म्हणजे चाकू लायोलचा असणे नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातले कारखाने एकेक करून मिटले आणि काम उत्तरेकडच्या तिएर शहरात गेले.

तिएरविषयी जरा थांबूनच लिहिले पाहिजे. हे शहर शतकानुशतके चाकू-सुऱ्यांवर जगले. द्युरोल नदी तिथे अरुंद घळीतून कोसळते आणि तिच्या पाण्यावर धारेची चाके फिरत. धार लावणारे कामगार चाकाच्या वर आडव्या फळीवर पोटावर झोपत, दोन्ही हातांनी पाते खाली फिरत्या दगडावर दाबत आणि अंगाचा सगळा भार त्या कामी लावत. खाली थंड पाणी, भिंतींना ओल, हिवाळ्यात बोटे बधिर होत. पायांना ऊब मिळावी म्हणून कुत्री पाळलेली असत. ती धन्याच्या पोटऱ्यांवर अंग टाकून दिवसभर पडून राहत. दगडाच्या पिवळट राडीने कपडे माखत, म्हणून या लोकांना ‘पिवळ्या पोटाचे’ असेच नाव पडले. कधी दगड फुटे आणि माणूस दगावे. एक जण पाते ठोके, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी. सगळा चाकू आपला म्हणावा असा कोणीच नसे. लायोलच्या लोहारशाळा थंड पडल्या तेव्हा लायोल चाकू जिवंत राहिला तो या ओल्या अंधाऱ्या खोल्यांत. पठारावरचा माणूस याला नावाची चोरी म्हणू शकतो. कुत्र्याच्या उबेवर जगलेल्या त्या माणसाला मात्र चोर म्हणवत नाही.

1987मध्ये गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. फिलिप स्टार्क यांनी आखलेल्या त्या इमारतीच्या छपरातून 18 मीटर उंचीचे पाते आकाशात गेले आहे. पण 1993मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ‘लायोल’ हे नाव कितीतरी प्रकारच्या मालासाठी स्वतःच्या नावे नोंदवले. 2012मध्ये पॅरिसच्या न्यायालयात गाव हरले आणि ग्रामस्थांनी वेशीवरची नावाची पाटी निषेध म्हणून उतरवली. 2019मध्ये अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. इथे ती म्हण निराळ्याच अर्थाने परत येते. चाकू आधीच तिएरला गेलेला, नाव कागदोपत्री दुसऱ्याचे. सव्वीस वर्षांनी जे हाती आले ते लंगोटी म्हणावे की म्यान?

कोल्हापुरी चप्पल घेणाऱ्यालाही हा पेच ओळखीचा वाटेल. 2019मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिराने शिवलेली जोडी कोल्हापुरीच, आणि ते योग्यही आहे. कातडे कमावणाऱ्या हातांनी राज्याची सीमा कधी पाहिली नव्हती. मग वझिराबादच्या चाकूचे काय? पाकिस्तानी पंजाबातल्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या पाती घडतात आणि तिथलेही लायोल युरोपच्या बाजारात येतात. ते स्वस्त असतात, म्हणून हात झटकणे सोपे जाते; पण पात्यावर नाव कोणते कोरायचे हे तिथला घडवणारा ठरवत नाही. उलट अस्सल फ्रेंच म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चाकूंचे स्टेनलेस पोलाद स्वीडनमधल्या सँडव्हिकेनचे असते. पोलाद एका देशाचे, शिंग दुसऱ्या खंडातले, आकार पठारावरचा, धार नदीकाठची. यांतला कोणता तुकडा ‘कुठे’ या शब्दाचे उत्तर धरायचा?

घडवणाऱ्या कारखान्याची खूण बहुतेक वेळा पात्याच्या मुळाशी, मूठ सुरू होते तिथे, बारीक अक्षरांत असते. चाकू रोज वापरणारा ती वाचत नाही. त्याची नजर धारेवर असते. म्हणून नवा चाकू ‘होता तसाच, तिथलाच’ हवा असे दुकानात म्हणताना तो जिथला म्हणतो, तिथला जुना खरोखर होता का, हे मालकाला सांगता येत नाही. गाव, तिएर की वझिराबाद, ते त्या अक्षरांत होते, आणि ती अक्षरे आता ज्याच्याकडे आहेत त्याला ती वाचण्याचे कारण नाही. कमरेच्या म्यानावर नाव कोरलेले नाही.