हुडहुडी भरण्याआधी

ऑपरेशन सुरळीत होतं, घशातली नळी निघते, पेशंट डोळे उघडतो आणि त्याचे दात वाजू लागतात. "डॉक्टर, ताप आलाय का?" नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न. ताप नसतो, अंग गार पडलेलं असतं. (कधीकधी दुखण्यानेही माणूस कापतो, तेवढं पाहून घ्यावं लागतं.)

याचं खापर एसीवर फुटतं. सर्जनला ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, गारच हवी असते आणि त्यावरून आम्हा भूलतज्ज्ञांची त्यांच्याशी रोजची कुरबुर आहे. पण एसी नंतर भर घालतो. पहिली घसरण शरीर आतल्या आत करतं. भूल चढली की रक्तवाहिन्या सैलावतात, छाती-पोटातली ऊब हातापायांकडे धावते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान १ ते १.५ अंश सेल्सिअसने उतरतं. नंतर वर चादरी टाकून हे फारसं थांबत नाही. हातपाय आधीच तापलेले असतील, तर मात्र ऊब तिकडे धावायचं कारण उरत नाही. म्हणून भुलेपूर्वी जमल्यास अर्धा तास गरम हवेचं ब्लँकेट घालायचं. ऑपरेशनांची लिस्ट लांबली की पहिली काट नेमकी याच अर्ध्या तासाला बसते, आणि तिथे मी अडून बसतो. पुढे ऑपरेशनभर तेच ब्लँकेट आणि कोमट केलेलं सलाईन. गरम पाण्याच्या बाटल्या मात्र मी लावू देत नाही. बेशुद्ध माणूस भाजलं तरी सांगत नाही.

कुडकुडणं किरकोळ वाटतं. पण बीपीचा पट्टा पुन्हा पुन्हा फुगतो आणि आकडा येत नाही, बोटावरचा ऑक्सिमीटर भरकटतो, ईसीजीची रेघ थरथरते. स्नायू ऑक्सिजन ओढतात आणि दुबळ्या हृदयावर ताण येतो. पेथिडिनचे २५ मिलिग्रॅम शिरेतून दिले की थरथर बहुधा काही मिनिटांत ओसरते. ते औषधांच्या कुलूपबंद कपाटात नसेल तर ट्रॅमाडॉल, मग मळमळ आलीच. औषधाने थरथर थांबते, तापमान लगेच वर येत नाही.

तरुण पेशंट जोरात कुडकुडतात, म्हातारे कमी. शांत पडलेल्या आजींना बरं वाटतंय असं धरून चालू नये. त्याच जास्त गार असू शकतात. तिथे थर्मामीटरच विचारायचा, ३६च्या खाली नको.

तुमची पाळी आली आणि ओटीबाहेर पातळ गाऊनमध्ये थंडी वाजली, तर संकोच न करता सिस्टरकडे ब्लँकेट मागा.