जंगी पलटणीतले आबा

युद्धात पडलेल्या शिपायाचा माग काढणं त्या मानाने सोपं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव, नंबर, पलटण, तारीख सगळं मिळतं. आमचे आबा जिवंत परतले आणि सातारा जिल्ह्यात आयुष्यभर शेती करत राहिले. अशा माणसाचे कागद शोधायचे कुठे?

हाताशी होता तो त्यांचा नंबर. झोपेतून उठवलं तरी आबा तो घडाघडा सांगत, त्यामुळे आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं तर आधी नंबर हवा. नुसत्या नावाचे शिपाई आमच्याच तालुक्यात कितीतरी निघतील. पण खरा ऐवज निघाला चुलतभावाच्या घरी. देव्हाऱ्यामागच्या फळीवर, जुन्या सातबाऱ्यांत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक! उंची, छाती, डाव्या भुवईवरचा व्रण, धंदा शेती. आणि सहीच्या जागी अंगठा. आम्ही पाहिलेले आबा तर रोज पेपर वाचायचे. आत्या म्हणाली, "अरे, लिहायला-वाचायला ते पलटणीतच शिकले."

आजी नेहमी म्हणायची, "हे बसऱ्याला होते." पदकाची फीत मात्र लाल, पांढरी, हिरवी: इटली स्टारची. दोन्ही खरं. आबांची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, आठव्या डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन इराकमधून पुढे 1943 च्या सप्टेंबरात इटलीत उतरली. आजीपर्यंत बसऱ्याची खबर पोचली, इटलीची पोचलीच नाही. तिला कळायचं ते मनिऑर्डर आली की नाही, एवढंच. आली म्हणजे माणूस आहे.

त्याच काळात आबांचे थोरले भाऊ रात्री-अपरात्री नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना भाकरी पोचवत होते. एका आईचे दोन मुलगे, एक इंग्रजांच्या फौजेत, एक इंग्रजांविरुद्ध. दर पंधरा ऑगस्टला थोरल्या आजोबांना शाळेत मानाने बोलावणं यायचं. आबा मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे. मला याचं फार वाईट वाटतं. पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते, सगळे स्वखुशीने भरती झालेले, बहुतेक आबांसारखे शेतकऱ्यांचे मुलगे. स्वातंत्र्याच्या गोष्टीत त्यांना कुठे बसवायचं हे कुणालाच कळलं नाही, म्हणून तेही गप्प राहिले.

आत्याला मात्र आबांनी एकदा नदीचं सांगितलं होतं. उंच बांध, छातीएवढं पाणी, पलीकडून मशीनगनचा मारा. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर याच पहिल्या बटालियनचे रनर नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून, सुरक्षित जागी नेलं आणि मग एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यांवर चाल केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबांची नदी ती हीच का? डिस्चार्ज बुकात फक्त देशाचं नाव आहे, नदीचं नाही.

पलटणीच्या युद्धडायऱ्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. पुतण्या तिकडेच शिकतो, तो जाणार आहे. साध्या शिपायाचं नाव त्यांत सहसा नसतं, पण कुठली कंपनी कुठे होती ते असतं. आत्याने त्याला फोनवर बजावून सांगितलंय, "बी कंपनी बघ. बी."