उंबरठ्याचा पत्रा

सांगलीच्या पेठेत हळदीची आडत करणाऱ्या एका कुटुंबाच्या वाड्यामागील पत्र्याच्या शेडमध्ये १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती घेतली अण्णांनी. नाव नोंदवून मोटारीची वाट पाहण्याचे ते दिवस होते. गाडी दारात आली त्या दिवशी पेढीवर पेढे वाटले गेले आणि अण्णांनी खतावणीत तिची नोंद स्वतःच्या हाताने केली. अण्णा गेले, दोघा मुलांनी पेढी वाटून घेतली, गोदामे वाटली, वाड्याच्या मधोमध भिंतही उभी राहिली. परंतु गाडीची वाटणी राहून गेली. वर्षानुवर्षांच्या घसाऱ्याने खतावणीतील तिची किंमत काही रुपयांवर आली होती. एवढ्याशा रकमेची वाटणी काय करायची, असे त्या वेळी दोघेही म्हणाले. खरे कारण वेगळे होते, आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

पद्मिनीचा आणि व्यापारी समाजाचा संबंध तसा जुना आहे. सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी जहाज आणि विमान यांच्या उद्योगांबरोबरच मोटारीचे स्वप्न पाहिले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने '११००' ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा आणि पाठीमागे ऐसपैस बाक, असा तिचा थाट. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने जवळजवळ अर्धशतक शहर वाहून नेले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात धाकट्या भावाचे शिक्षण झाले, त्यालाही वालचंदांचेच नाव आहे. अण्णा हे नेहमी अभिमानाने सांगत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. हळदीची पोती वाचवावीत की माणसे, अशा धावपळीत गाडीकडे कोण पाहणार? पाणी ओसरल्यावर ती शेडमध्ये खिडक्यांपर्यंत गाळाने माखलेली सापडली. थोरल्यांनी इंजिन उघडून साफ करवले, बैठका बदलल्या, रंगावर पॉलिश केले. गाडी पुन्हा चालू लागली. सर्वांना वाटले, निभावले.

परंतु पुराचे पाणी जाते, गाळ राहतो. पद्मिनीला निराळी चासी नाही. तिचा सांगाडा म्हणजे तिचा पत्राच. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते. गॅरेजमध्ये तिला 'सिल' म्हणतात. गाडीचा उंबरठाच तो. पुढचे आणि मागचे अंग जोडून धरण्याचा मोठा भार या उंबरठ्यावर असतो. त्या पोकळीत बसलेला गाळ ओल धरून राहिला आणि पत्रा आतून खात गेला. बाहेरचा रंग चकचकीत होता. चार वर्षांनी एके दिवशी चालकाच्या बाजूचे दार लागेना, तेव्हा थोरल्यांनी बोटाने खालचा पत्रा दाबला. बोट आत गेले.

धाकट्यांचा निरोप भिंतीपलीकडून पुतण्यामार्फत आला : भंगारात द्या, जो पैसा येईल तो निम्मा निम्मा. त्याच सुमारास पुण्याच्या एका दलालाने वेगळा मार्ग सुचवला. भोकांत लांबी भरा, वर रंग मारा, हौशी गिऱ्हाईक चांगली किंमत देईल. सौदा वाईट नव्हता. थोरल्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी नकार कळवला. "हळदीत भेसळ केली तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात," ते म्हणाले, "इथे त्याच्या घरातली माणसे बसणार आहेत."

मग थोरल्यांच्या मुलाने मुंबईत चौकशी केली. मूळ कारखान्याचे पत्रे आता कोठून मिळणार? मिळतात ते नव्याने बनवलेले. मूळ भाग कारखान्यात मोठ्या साच्यावर एका दाबात घडे. हा नवा पत्रा मशीनवर मोडून तयार होतो. म्हणून त्याची लांबी-रुंदी साधारण बरोबर असली, तरी कोपऱ्याची गोलाई आणि कडेची मोड हातानेच जुळवून घ्यावी लागते. हे ठाऊक असलेला माणूस तो पत्रा आधी लावून पाहतो, नंतर जुना कापतो. ठाऊक नसलेला उलट करतो.

पहिल्या गॅरेजने उलट केले. त्यांनी गाडी चार चाकांवर उभी ठेवून एका दिवसात दोन्ही बाजूंचे कुजलेले उंबरठे कापून टाकले. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा लावू गेले तर तो सात-आठ मिलिमीटर आखूड! दार वरच्या कोपऱ्यात घासू लागले आणि खाली बोट जाईल एवढी फट दिसू लागली. गॅरेजवाल्याने मुंबईच्या पत्र्याला नावे ठेवली आणि जोडपट्टी लावून भागवण्याचा सल्ला दिला. मुलगाही वैतागून म्हणाला, "बाबा, नकली माल तो नकलीच."

थोरल्यांचे मन मात्र मानेना. त्यांनी मिरजेहून एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. उमेदीची वीस वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सींचे पत्रे ठोकण्यात घालवली होती. मिस्त्रींनी पत्र्याला हातच लावला नाही. खिशातून सुतळी काढली आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक मोठा, एक लहान. मग डोळा टेकवून गाडीच्या छताची रेषा पाहिली.

"शेठ, पत्रा आखूड नाही," ते म्हणाले. "गाडी मधोमध खाली बसली आहे. दोन्ही उंबरठे एकदम कापले, आधार कशाचाच दिला नाही. चाके दोन टोकांना, वजन मध्ये. मग खालून ती फाकणारच आणि वरून आवळणारच. आज या सगळ्यात सरळ काय असेल तर हा नवा पत्रा. त्याला जोड लावाल, तर वाकडेपणा कायमचा शिवला जाईल."

मुलगा काही बोलला नाही. थोरले मात्र बराच वेळ त्या कर्णांच्या खुणांकडे पाहत उभे राहिले.

पुढचे तीन आठवडे काम चालले. मिस्त्रींनी गाडीच्या मध्यभागी लाकडी फळी घालून जॅक लावला आणि दिवसाला थोडाथोडा उचलला. प्रत्येक वेळी दारे लावून फट पाहायची, मगच पुढे. कर्ण सारखे झाले तेव्हा त्यांनी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे ठोकून सांगाडा बांधून टाकला. मग एकाच बाजूचे काम हाती घेतले. नवा पत्रा शिकंजांनी पकडून बसवला, दारे लावली, काढली, कड ठोकली, पुन्हा लावली. मुलाच्या मोजणीप्रमाणे पहिल्या बाजूला तो पत्रा अकरा वेळा लावला आणि काढला गेला. बाराव्या वेळी मिस्त्रींनी वेल्डिंगचे टाके दिले, तेही सलग नव्हे. एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ देऊन. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो आणि साधलेली रेषा बिघडते. जोडाच्या आतल्या बाजूंना आधीच जस्ताचा प्रायमर लावला होता. काम संपल्यावर पोकळीत गंजरोधक मेण सोडले आणि तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवली. ओल आत जाणारच. तिला बाहेरची वाट हवी, असे मिस्त्री म्हणत.

फटींचा हिशेब त्यांनी मागून पुढे केला. मागचे अंग हलत नाही, म्हणून आधी मागचे दार त्याला जुळवायचे, मग पुढचे दार मागच्या दाराला, मग मडगार्ड आणि शेवटी बॉनेट. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक मागे गोळा होते आणि तिथे ती सुधारायला जागा नसते.

एका दुपारी धाकटे भाऊ शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. अभियंत्याचे कुतूहल असेल किंवा आईने पाठवले असेल. त्यांनी कापून ठेवलेला जुना उंबरठा पाहिला. मिस्त्रींनी तो फेकू दिला नव्हता. शेवटचा टाका बसेपर्यंत जुना तुकडा हाच नमुना. त्याच्या आत गाळाचा थर वाळून विटेसारखा झाला होता.

"दादा, हा पुराचाच गाळ?"

"पुराचाच. आपण वरून पॉलिश केले."

धाकट्यांनी खिशातून चष्मा काढला आणि दुसऱ्या बाजूची फट मोजायला बसले. त्या दिवसापासून ते रोज चारनंतर येत. खर्चाचे निम्मे पैसे त्यांनी न विचारता पेढीवर पाठवले, आणि थोरल्यांनी अण्णांच्या जुन्या खतावणीत, अण्णांच्या नोंदीखाली, दोघांच्या नावे ते जमा केले.

पाहणी होऊन गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे, परंतु तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तो दिवस २०२८ मध्ये येईल. तेव्हा काय करायचे यावर दोघा भावांचे एकमत अद्याप झालेले नाही. धाकट्यांना तो मान हवा आहे. थोरल्यांना गाडी चालती हवी आहे. वाद चालतो, पण समोरासमोर चालतो.

चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचे ठरले, तेव्हा आईने मोठी नवी गाडी नाकारली. पंच्याऐंशी वर्षांच्या त्या माऊलीने पदर सावरला, नव्या उंबरठ्यावर पाय ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. थोरले चालवायला, धाकटे शेजारी. दारे लागली, एकाच आवाजात, हलक्या हाताने.

"अण्णांची गाडी," आई म्हणाली.

त्यातला किती पत्रा अण्णांचा उरला आहे, हे कोणी तिला सांगितले नाही. तिने विचारलेही नाही.